ब्रेकवाल्या संघपालचा डूख

सापाचा डूख बारा वर्षं टिकतो म्हणतात. संघपालचा आठ वर्षांचा झाला होता आणि सकाळी उठल्यावर चहाच्या आधी आठवावा इतका ताजा होता. तेव्हा सापाचं कौतुक मला सांगू नका.

सोलापूरजवळ, कुंभारीच्या अलीकडं, अक्कलकोट रोडला लागून त्याची पत्र्याची शेड. पाटीवर एकच ओळ : 'फक्त ब्रेकचे काम'. इंजिनाचं, एसीचं दुखणं घेऊन कुणी आलं की तो बोटानं रस्ता दाखवायचा. "त्ये तिकडं फुडं. हितं फकस्त गाडी थांबवायचं काम हुतंय." सात रस्त्यावरचे मोठमोठे गॅरेजवाले, ज्यांच्या भिंतीला काचा आणि गिऱ्हाइकाला कॉफी, तेसुद्धा अडलेली गाडी गुपचूप त्याच्याकडं पाठवत. उघड नाव घ्यायची मात्र कुणाची छाती नव्हती. नावाला डाग होता ना!

त्याची तऱ्हाच निराळी. गाडी आली की आधी हात लावायचा नाही, प्रश्न विचारायचे. आवाज कधी येतो? थरथर कुठं लागते? आणि हे सुरू झालं त्याच्या आधी गाडीचं काय केलंत? मग पायातल्या चपला काढून अनवाणी गाडीत बसायचं आणि निघायचं. तळपायाला जे कळतं ते कानाला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर दुखणं पुढच्या चाकांत. बुडाखालची सीट थरथरली तर मागच्या. सकाळच्या पहिल्या एक-दोन ब्रेकला 'चर्र' होऊन थांबलं तर रात्रीचा गंज, त्याची काळजी नको. दिवसभर किंचाळत राहिलं तर चाकामागच्या लोखंडी चकतीला चिमट्यासारखे धरणारे पॅड बिघडले. पण का बिघडले? हा 'का' सोलापुरात फार थोडे लोक विचारायचे. बाकीचे पॅड बदलून मोकळे. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

इतका हुशार गडी ह्या पत्र्याखाली का बसला, तर त्याला बसवला म्हणून.

आठ वर्षांपूर्वी तो शहरातल्या एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपात होता. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी तिचे ब्रेक शेवटचे तपासायचे ते संघपालनं. खंडेनवमी आली. वर्कशॉपात सगळ्यांच्या हत्यारपेट्या ओळीनं मांडल्या, पान्यांना तीळतेल पुसलं, हळदकुंकू लागलं. पूजा सांगायला डिलिव्हरी विभागाचे साहेब, चिंतामणराव. घराण्यात देवळाची सेवा, हात स्वच्छ, अक्षर सुंदर. आयुष्यात कधी चाक खोललं नाही. संघपालनं आपली पेटी ओळीतून काढून बाजूला ठेवली.

"का रे? तुझ्याच पेटीला काय सोनं लागलंय?" चिंतामणराव म्हणाले.

"ज्याचं त्यानं करावं की, साहेब. माझ्या पेटीला नको."

"अरे, वर्षभर ही हत्यारं तुला पोसतात. एक दिवस नमस्कार करायला काय जातं?"

बारा जण बघत होते. कुणीतरी मागून फिसकन हसलं, आणि संघपालचं टाळकं सरकलं. "साहेब, पूजेनं ब्रेक लागत न्हाईत. माझ्या हातानं लागत्यात. इस्वास नसंल तर बघा उद्या!"

'बघा उद्या.' दोन शब्द. माणसानं जीभ चावून तुकडा पाडावा, पण असले शब्द बोलू नयेत.

त्याच रात्री तो नागपूरच्या गाडीत बसला. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, दीक्षाभूमीवर जायचं त्याचं दरसालचं ठरलेलं. इकडं दसऱ्याच्या मुहूर्तावर एका डॉक्टरीणबाईंनी पांढरीशुभ्र गाडी ताब्यात घेतली. शोरूमच्या उतारावर ब्रेक दाबला, तो लागलाच नाही. गाडी कर्रकर्र ओरडत खाली गेली आणि झेंडूच्या कमानीच्या लोखंडी खांबावर आदळली. बाईंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या आईचं मनगट मोडलं. चाकं खोलली तर पुढच्या दोन्ही चकत्या तेलकट. अहवालात लिहिलं, 'ग्रीस'. आणि 'बघा उद्या' ऐकणारे बारा साक्षीदार तयारच होते.

संघपाल निळ्या झेंड्यांच्या गर्दीतून आनंदानं परत आला, तो हातात कामावरून काढल्याचा कागद पडला. 'द्वेषबुद्धीने केलेले कृत्य.' खाली चिंतामणरावांची सुंदर सही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. सोलापुरातल्या एकाही सर्व्हिस सेंटरनं त्याला मग दारात उभं केलं नाही. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

बरं, जगानं म्हटलं ते म्हटलं. जगाला काय धरून बसायचं! पण त्याची बायको दीक्षा. अंगणवाडीत मदतनीस, मनानं लोणी. त्या रात्री तिनं भाकरी वाढली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रागात हुतं माणसाकडनं. म्या हाय तुमच्यासंगं. पन मला तरी खरं सांगा."

"म्या न्हाई केलं."

"बरं."

त्यानं चाळीसदा सांगितलं असेल. बाबासाहेबांच्या तसबिरीवर हात ठेवून सांगितलं. ती दर वेळी म्हणायची, "बरं, न्हाई केलं." तोंडाला गूळ लागलेल्या पोराला आपण म्हणतो ना, बरं बाळा, नाही खाल्लास, अगदी तसं. आणि पदराआडून मुलीला, प्रतिक्षाला, समजवायची, "पप्पासारकं डोस्कं गरम करून घेऊ नगं. त्यापायी काय झालं बघितलंस न्हवं?" हे त्याला ऐकू यायचं. कान तर तयारच होते त्याचे. शिवी परवडली, ही माफी नको. न केलेल्या गुन्ह्याची माफी रोज जेवणासोबत खायची, म्हणजे काय असतं ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही.

म्हणून त्याला एकच गोष्ट हवी होती. त्या चकत्यांवर ग्रीस कुणी लावलं ते शोधायचं, आणि लावणाऱ्याला मानगुटीला धरून दीक्षापुढं उभा करायचा. बस्स. तपास मात्र अडला होता. गाडी दुरुस्त होऊन कुठल्या कुठं गेली होती. साक्षीदार नुसते हसायचे.

यंदाचा दसरा होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. रविवार, सकाळचे दहा. शेडसमोर एक राखाडी गाडी आली, आणि थांबताना अशी किंचाळली की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. चालवत होती एक पंचविशीची मुलगी. "संघपालदादा तुम्हीच ना? मी उत्कर्षा. अकलूजला कॉलेजात शिकवते. सोमवारी जाते, शनिवारी येते. काल येताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचत होतं. मला भीती वाटायला लागलीय हो."

आणि शेजारच्या दारातून वडील उतरले. चिंतामणराव. केस पांढरे, पाठीला बाक, कपाळाचं गंध तेच.

दोघांनी एकमेकांना ओळखलं. म्हाताऱ्याचा चेहरा झर्रकन उतरला. "उत्कर्षा, चल. दुसरीकडं दाखवू."

"अहो बाबा, काल संध्याकाळपासून चार ठिकाणी दाखवून झालं! सगळ्यांनी मला बाजूला घेऊन ह्यांचंच नाव सांगितलं."

"ऱ्हाऊ द्या की, साहेब," संघपाल इतक्या गोड आवाजात म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आलाय तर बघू की. ब्रेकचं काम हाय. माझ्याच हातचं."

आठ वर्षं मनातल्या मनात ह्या माणसाला त्यानं काय काय केलं नव्हतं! भर सात रस्त्यावर कॉलर धरली होती, चारचौघांत कागद तोंडावर फेकला होता. आणि आता तो स्वतःच्या पायांनी दारात. ह्याची गाडी अशीच किंचाळत परत पाठवावी, असं क्षणभर आलंही मनात. पण चालवणार पोरगी होती, आणि तिनं त्याचं काय वाकडं केलं होतं?

त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि प्रश्न सुरू केले. उत्कर्षाच उत्तरं देत होती. आवाज दिवसभर येतो. थरथर स्टिअरिंगला लागते, सीटला नाही. म्हणजे पुढची चाकं.

"पयल्यांदाच हुतंय?"

"कुठलं! दरवर्षी. नवे पॅड टाकतो, चकत्या घासून घेतो. अकरा महिने कुरकुर नाही. मग पुन्हा सुरू."

"कुटल्या महिन्यात?"

तिनं बोटांवर मोजलं. "दिवाळीच्या आधी. दसऱ्यानंतर लगेच."

लोखंडाला पंचांग कळत नाही. दसऱ्याला दुखणं येत असेल तर ते माणूस देतोय. त्यानं जॅक लावला, पुढचं डावं चाक उतरवलं, नुकतंच धावून तापलेलं पॅड पक्कडीनं बाहेर काढलं आणि नाकाशी नेलं. समई विझवल्यावर येतो ना, तो वास. जळलेलं तीळतेल.

त्यानं पॅड पुन्हा एकदा नाकाशी नेलं. आठ वर्षं तो ग्रीस शोधत होता. कुणी ग्रीस लावलं, कुणी ग्रीस लावलं म्हणून झुरत होता. अहवालावर विसंबला. ब्रेकवाला असून स्वतः वास घेतला नव्हता, कारण घ्यायला मिळालाच नव्हता.

"ताई," तो चाकाकडं बघतच म्हणाला, "हितं तेल कोन लावतंय?"

"तेल? हां, ते बाबा लावतात! खंडेनवमीला. सकाळी गाडी धुतली की संध्याकाळपर्यंत त्या चकतीवर तांबूस गंज येतो, चाकाच्या फटींतून दिसतो. पूजेच्या गाडीला गंज बरा दिसत नाही म्हणून स्वतःच्या हातानं पुसतात. काय चमकते!"

"उत्कर्षा, पुरे," चिंतामणराव म्हणाले.

"कवापासनं लावत्यात?"

"ही गाडी घेतली तेव्हापासून. मी अकरावीत होते, म्हणजे आठ वर्षं. ही कल्पनाच मुळी शोरूममधली. त्या वर्षी बाबांनी डिलिव्हरीच्या एका गाडीला तसं पुसलं होतं, घरी येऊन किती कौतुकानं सांगत होते! आणि दुसऱ्याच दिवशी त्या गाडीचा अपघात झाला. कुणी एक मेकॅनिक होता, त्यानं मुद्दाम…"

तिचं वाक्य तिच्याच तोंडात अडकलं. हुशार पोरगी होती.

"त्यो मेकॅनिक म्याच," संघपाल म्हणाला.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. मग चिंतामणराव घसा खाकरून म्हणाले, "हे पाहा, ते ग्रीस होतं. अहवालात तसं स्पष्ट आहे. मी तीळतेल लावलं होतं. चमचाभर. ग्रीस वेगळं, तीळतेल वेगळं."

"वेगळं व्हय?" संघपाल उठून उभा राहिला. "बसा गाडीत. दावतोच."

त्यानं डाव्या चाकाची चकती पॉलिश पेपरनं घासली, थिनरनं धुतली, नवे पॅड बसवले. उजवं चाक आहे तसं तेलकट ठेवलं. चाक चढवलं, चपला काढल्या आणि स्टिअरिंगवर बसला. म्हातारा शेजारी, मुलगी मागं. शेताकडच्या मोकळ्या रस्त्याला गाडी वळवली, तीसच्या वेगानं नेली आणि ब्रेक दाबला.

गाडी डावीकडं ओढली गेली. उजव्या चाकातून 'कीईई' करून आवाज फुटला. डावं चाक गप.

"आयकलं? धुतलेलं चाक धरतंय. तुमचं पूजेचं चाक घसरतंय, किंचाळतंय. चमचाभर म्हनं! ब्रेकला चमचा काय आन् घागर काय."

पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबला, गरज नव्हती तरी दाबला, कारण दर किंकाळीला म्हाताऱ्याचे खांदे दचकत होते आणि ते बघायला संघपालला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला? फार बरं वाटत होतं.

"बाबा," मागून आवाज आला. "त्या डॉक्टरांच्या गाडीला हेच तेल लावलं होतं तुम्ही?"

चिंतामणराव खिडकीबाहेर बघत राहिले. संघपालनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसला. म्हाताऱ्याची सुटका करायला तो काही त्याच्या बापाचं देणं लागत नव्हता.

"बाबा, मी विचारतेय."

"हो."

"आणि तुम्हाला तेव्हा शंका नाही आली?"

"आली ना," म्हातारा अगदी बारीक आवाजात म्हणाला. "त्याच रात्री आली. पण अहवालात ग्रीस म्हटलं होतं. मी मनाला म्हटलं, देवाचं तेल, त्यानं काय होणार? मग घरच्या गाडीला लावून बघितलं. म्हटलं, काही झालं नाही तर माझं मन निवेल."

"पन झालं," संघपाल म्हणाला. "दरसाल झालं."

"दरवर्षी वाटायचं, यंदा तरी होणार नाही."

"आणि ती गाडी मी चालवते, बाबा," उत्कर्षा म्हणाली. ओरडली असती तर बरं, ती साध्या आवाजात म्हणाली. चिंतामणरावांनी तोंड हातांनी झाकून घेतलं. आठ वर्षं संघपालनं ह्या माणसाला मारायचे जे जे बेत केले होते, त्यातला एकही इतका लागला नसता.

पण त्याचं पोट भरलं नव्हतं. त्यानं चावी फिरवली, ज्याला यायचं नसेल त्याला उतरून जाता येईल इतक्या सावकाश वेगानं गाडी गावात घातली आणि स्वतःच्या दारात आणून उभी केली.

दीक्षा उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होती. नवऱ्यामागं गंध लावलेला म्हातारा आणि डोळे पुसणारी पोरगी बघून ती गडबडीनं उठली.

"हे चिंतामणराव," संघपाल म्हणाला. "शोरूमचे. साहेब, आता सांगा. खंडेनवमीपासनं सांगा."

म्हातारा अंगणात उभा राहिला आणि सांगायला लागला. पेटीचं सांगितलं, गंज दिसला ते सांगितलं. तेलापाशी आल्यावर अडखळला. "बहुतेक माझ्याच…"

"बहुतेक न्हाई!"

"माझ्याच हातानं लावलं होतं. ह्यांचा काहीही दोष नव्हता, ताई. मला शंका होती, तरी मी सही केली." त्यानं संघपालकडं वळून हात जोडले. "मी लिहून देतो. त्या बाराही जणांना फोन करतो. आजच करतो."

"करायचेच हाईत. म्होरं बसून करून घेनार हाय." संघपालनं त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघितलंसुद्धा नाही. तो बघत होता दीक्षाकडं. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की म्हाताऱ्यावरचा राग मघाशी गाडीतच निम्मा विझला. हा जो अजून छातीत धगधगतोय, तो म्हाताऱ्याचा नव्हेच. हा घरातला आहे. पाठीवरच्या त्या मायेच्या हाताचा आहे.

दीक्षाच्या ओच्यातली मेथी खाली सांडली होती. "तुमी सांगत हुता की मला," ती म्हणाली. "किती येळा सांगत हुता."

"व्हय."

"म्या बरं म्हनायची."

"व्हय. बरं म्हनायचीस. मला बरं नगं हुतं, दीक्षे."

"आता काय करू म्या? पाया पडू तुमच्या?"

"पाया नगं पडू. नुसतं म्हन, तुमी न्हाई केलं."

"तुमी न्हाई केलं."

"परत म्हन."

तिनं वर बघितलं. त्याचा चेहरा दगडासारखा होता. उत्कर्षानं मान फिरवली. चिंतामणराव तसेच उभे होते, त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"तुमी न्हाई केलं," दीक्षा म्हणाली.

"परत."

"तुमी…" तिचा आवाज फाटला, पण तिनं वाक्य सोडलं नाही, शेवटपर्यंत नेलं. "तुमी न्हाई केलं. तुमी कवाच न्हाई केलं."

त्याला चौथ्यांदा 'परत' म्हणायचं होतं. चाळीसदा म्हणायला लावायचं होतं, जितक्यांदा त्यानं सांगितलं तितक्यांदा. पण तो तिथंच अंगणात, सांडलेल्या मेथीत खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला.